हॅलो न म्हणता

वडील गेल्यावर निरगुडसरची तेजस्विनी मंचरला चेतनाकडे समुपदेशनासाठी येऊ लागली. २००८ साली तिला बंगळूरला नोकरी लागली, तेव्हापासून दोघी कॉम्प्युटरवर बोलत. चित्र सारखं अडकायचं, म्हणून कॅमेरा बंदच असे. तेजस्विनी गप्प झाली, की लाइन गेली असं वाटून चेतना लगेच विचारायची, "हॅलो, ऐकू येतंय ना?"

एकदा तेजस्विनी म्हणाली, "मॅडम, मी हितंच असते. रडू दाटून येतं आन् तुमी हॅलो म्हणता. मग ते जातं."

चेतना ओशाळली. "आता नाही म्हणणार," ती म्हणाली.

मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. लाइन खरंच गेली असेल, असं चेतनाला दोनदा वाटलं, तरी ती बोलली नाही. सात-आठ मिनिटांनी तेजस्विनीचा हुंदका ऐकू आला.