निळं पाणी गिळणारं तेल

ओढ्याकाठी अख्खी वाडी लोटली होती. उस्तिंग वैदूनं बाटलीत ओढ्याचं निळं झालेलं पाणी घेतलं, वर आपलं तेल ओतलं आणि बूच लावून खळाखळा हलवलं. फेस आला. गुड फ्रायडेला डोंगरावर कढवलेलं खोबरेल वाईट शक्तीजवळ उकळतं, हे तिथं पाळण्यातलं पोरही सांगेल. सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला.

तेल बदलून त्यानं तीनदा तसंच केलं. पाणी निळं करणारी यक्षीण हट्टी आहे, म्हणाला, एकदा समजावून ऐकत नाही. शेवटी वर काळपट तेल आणि खाली नितळ पाणी.

मासे पाळणाऱ्या पासिंगचा हात बादलीत होता. वरच्या अंगाला तांब्याच्या पाट्या धुणारा कारखाना आल्यापासून तिच्या तळ्यातले तिलापिया मासे मेले होते. बियाण्याचे बादलीतले एवढेच उरले. पहाटेची जपमाळ तिनं त्यांच्यासाठीच वाढवली होती. उस्तिंगनं त्याच तेलानं आधी शुद्ध करून ठेवलेल्या टबभर पाण्यात ती आता त्यांना सोडणार, तेवढ्यात कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तिच्या भाचीनं, दितासनं, तिचं मनगट धरलं.

"थांब, तिया मावशी. तेलाच्या मोगऱ्याच्या वासाखाली घासलेटाचा वास येतोय."

उस्तिंग म्हणाला, शिकलेल्या मुलींची नाकं अशीच बिघडतात.

दितासनं कुंपणावरची गोकर्णाची निळी फुलं चुरडून टबातल्या पेलाभर पाण्यात टाकली. निळा रंग उतरायच्या ऐवजी पाणी गुलाबी झालं. गोकर्णाच्या सरबतात कलमान्सी लिंबू पिळलं की असंच होतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

"यात लिंबू पिळलंय?" पासिंगनं विचारलं.

"त्याहून जहाल. कारखान्याचं आम्ल. निळा रंग तांब्याचा होता, तो गेला. आम्लाला रंगच नाही."

मग दितासनं उलगडून सांगितलं. ते खोबरेल नव्हतंच. सांडपाण्यातलं जमेल तेवढं तांबं परत मिळवायला कारखाना घासलेटात एक औषध मिसळतो. ते तांबं उचलून घेतं आणि बदल्यात पाण्यात आम्ल सोडतं. म्हणजे उस्तिंगनं बाटली हलवली तसतसं पाणी जास्तच आंबट झालं. जीपवाल्याकडून बॅटरीचं आम्ल मागवून तिनं ते बाटलीत उरलेल्या काळपट तेलात ओतलं आणि बाटली हलवली. तळाशी पुन्हा निळं; जहाल आम्ल मिळताच तेलानं तांबं परत सोडलं होतं.

"आली यक्षीण माहेराहून," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

उस्तिंग फेब्रुवारीपर्यंत त्याच कारखान्यात झाडू मारत होता, हेही निघालं. तेलाचं पिंप कारखान्याचं असेल, तो पुटपुटला, पण आशीर्वाद माझा होता.

सगळे हसले. पासिंग हसली नाही. मासे अजून बादलीत फिरत होते. तिनं वर ओलं फडकं बांधलं. बहिणीच्या घराजवळच्या स्वच्छ झऱ्यापर्यंत ते तग धरतील, असा तिचा अंदाज होता.

"जपमाळेचा नवस मी मोडणार नाही," ती हलक्या आवाजात बायकांना म्हणाली. "पण पाणी नितळ दिसलं म्हणून कुणी नातवंडांना त्यात अंघोळ घालू नका. काय गेलं, काय उरलं, ते आधी तपासून घ्या. आणि चला माझ्याबरोबर कारखान्यात. तांबं काढता येतं ना, मग ते पुरतं काढा आणि आम्लही चुन्यानं मारूनच पाणी ओढ्यात सोडा म्हणावं."

टबातलं पाणी बाटलीत भरून घेऊन ती पुढं निघाली. मागून चपलांचे आवाज येऊ लागले.