आज्यानं शिंदी पेली ती गोष्ट

ताडकळसच्या शाळेत पोरं अन् मायबाप संगट बसवून दारूबंदीची सभा भरली. हेडमास्तर लिव्हर कसं सडतंय ते सांगायलते अन् पोरं जांभया द्यायलती. धुरपताबाईचा जीव मात्र टांगणीला लागला व्हता. तिच्या नववीतल्या नातवाला, नागनाथला, मोठ्या पोरांनी बाजारच्या दिशी शिंदी प्यायला बोलावलं व्हतं.

ती उठली अन् नागनाथकडं बोट दावून म्हणली, "ह्याचा आजा एकदा शिंदी पेला, अन् रेड्यावर उलटा बसून थेट मानवतला गेला. शेवटी रेडाच म्हणला, मालक, उतरा आता, माजी पाठ दुखायली."

पोरं खदखदा हसली. नागनाथचे तर डोळे चमकले. हेडमास्तर हळूच म्हणले, "बाई, तुमी तर गोडी लावायलाव."

धुरपताबाई चपापली. मग तिनं पोरींच्या रांगेकडं बघितलं.

"उतरला, अन् भर बाजारात वरडून सांगितलं, त्याला कोणती पोरगी आवडती ते. बापाच्या नावासकट. शिंदी आत गेली की मनातलं सारं भाईर येतंय, बाबांनो."

पोरांनी माना खाली घातल्या. नागनाथचे कान लाल झाले.

बाजारच्या दिशी तो घरीच बसला. लय येळानं त्यानं इचारलं, "आज्जे, आज्यानं कोणाचं नाव घेतलं व्हतं?"

"माजं न्हवतं," धुरपताबाई म्हणली.