अर्धा इंच माया

प्रवेशपरीक्षेत तिला आठ वर्षांच्या मुलीचा फ्रॉक कापायचा होता. कात्री आखून दिलेल्या खडूच्या रेघेवरून सूतभरही ढळली नाही. शिवणशाळेच्या बाईंनी तुकडे उजेडात धरले आणि कपाळाला हात लावला.

"अगं, माया कुठे सोडलीस?"

तिला वाटलं, मावशीने यांना सगळं सांगितलेलं दिसतंय.

"घरीच, बाई. सगळी नाही सुटली अजून. आईपुरती आहे."

परीक्षेला बसलेल्या सगळ्या पोरी खो-खो हसल्या. त्यांना गप्प करायला बाईंनी हात वर केला, तशी ही दोन्ही हातांनी डोकं झाकून टेबलाखाली वाकली. हसू जिथल्या तिथे थिजलं.

बाईंनी हात हळूच खाली घेतला. "शिवणीसाठी रेघेबाहेर जास्तीचं कापड ठेवतात ना, त्याला माया म्हणतात. अर्धा इंच. कुणी शिकवलं नाही?"

तिचा बाप शिंपी होता. पण खडू त्याच्या हातात, कात्री हिच्या. तो आखायचा ती रेघ माया धरूनच असायची. कात्री जरा चुकली की लाकडी गज पाठीवर. माया हा शब्द त्या घरात कधी कुणी उच्चारलाच नव्हता. महिन्यापूर्वी ती नेसत्या कपड्यांनिशी मावशीकडे निघून आली, आणि बापाने निरोप धाडला: शनिवारी न्यायला येतो. आज गुरुवार. इथे प्रवेश मिळाला तर वसतिगृहात खोली होती.

"दुसरं कापड मिळायचं नाही," बाई म्हणाल्या. "अर्धा तास आहे."

ती उठली. भिंतीवर वयाप्रमाणे मापांचा तक्ता होता. बोट ठेवून ती वाचत गेली: छाती, खांदा, उंची. ओठांतल्या ओठांत वजाबाकी झाली. मग जन्मात पहिल्यांदा तिने स्वतः खडू उचलला. तुकड्यांवर आत नवी रेघ आली, रेघेबाहेर अर्धा इंच मोकळा राहिला, आणि कात्री गुणगुणत फिरली.

"मी आठचा सांगितला होता," बाई म्हणाल्या.

"आठचा बिघडला, बाई. हा सहाचा आहे, बरोबर आहे. तो का बिघडला तेही सांगू?"

"नको गं बाई! तूच आम्हाला शिकवायला लागशील." बाईंनी टेप लावून मापं तपासली, दोनदा. मग प्रवेशाचा अर्ज पुढे ओढला.

"इथे पालकाची सही लागते. वडिलांना बोलवायचं?"

"मला अठरा पूर्ण झालीत. माझी चालेल?"

"चालेल की."

तिने सही केली, अक्षर न अक्षर सुटं, ठळक. पेन परत देताना विचारलं, "खोलीतली खिडकीजवळची खाट कुणी धरलीय का, बाई?"