हेमेंद्रचा सत्कार

माह्या सुनेचं नाव आगाता. पोलंडची. बाया विचारतात, "सुमित्राबाई, पोलंड कुठी आलं वो?" मी म्हणते, "आपल्या शेजारच्या नागरा गावाच्या पलीकडं, जरासं लांब." तिच्या देशात ती नाटकांची पोस्टरं काढाले शिकली. मंग लंडनले जाऊन लेकरांच्या पुस्तकांत चित्रं काढली. तिथंच माह्या हिमांशूची अन् तिची गाठ पडली. आता मुर्री गावातल्या आमच्या घरी, जिथं बैल बांधत होतो तिथं तिचे रंग अन् कागद असतात. लग्नाच्या वेळी मी तोंड वाकडं केलं होतं, खोटं कायले बोलू? पण आता ती माही आहे. माह्या माणसाच्या वाटेले कोणी गेला तर मी त्याले सोडत नाही.

दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. जत्राच म्हणा ना. मंडईले नाटक पाहिजेच, अन् नाटकाच्या पोस्टरवर नटांचे चेहरे पाहिजेत. जेवढा मोठा नट तेवढं मोठं थोबाड. आगातानं पहिलं पोस्टर केलं, त्यात एकही चेहरा नाही! नाटक होतं बहिणीची जमीन लाटणाऱ्या भावांचं. तिनं नुसता एक विळा काढला, अन् विळ्यात अडकवलेल्या हिरव्या बांगड्या. नट भांडाले आले, "बाई, माहा चेहरा कुठी आहे?" पण बसस्टँडवर बाया त्या पोस्टरपुढं डोळे पुसत उभ्या होत्या. नाटकाले पाय ठेवाले जागा नव्हती. मंग काय, सगळे नाटकवाले आमच्याच दारात.

छपाई फुलचूरच्या हेमेंद्रकडं. त्याचं फ्लेक्सचं दुकान. बोलणं असं गोड का मुंग्या लागाव्या. मेला तिची सही पुसून कोपऱ्यात आपलं नाव टाकत गेला. सही कुठी गेली, आगातानं विचारलं तर म्हणे, "भाभी, मशीन में कट जाता है." तिले पटलं; त्याचं नाव तं छापणाऱ्याचं म्हणून असंल, असं वाटलं. मंग त्या विळ्याच्या पोस्टरले नागपूरले बक्षीस भेटलं, अन् घ्याले गेला कोण? हेमेंद्र! मोबाइलवर त्याची मुलाखत आम्ही सगळ्यांनी पाहिली. हसून हसून सांगून राहिला होता, "सोच पूरी मेरी है. भाभी तो बस रंग भरती हैं."

आगाता रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं ब्रश धुतले, डब्यात भरले अन् मले म्हणाली, "आई, देश छोड़के आई, घर छोड़के आई. साथ में बस नाम लाई थी." दुसऱ्या दिवशी नवराबायको लंडनच्या नोकऱ्या पाहात बसले. माह्या आंगाची नुसती आग आग झाली. तो चोर इथं मिरवंल अन् माही सून गाव सोडंल? काऊन?

मी मंडईच्या कमिटीत आहे. बैठकीत उठली अन् म्हणलं, "औंदा हेमेंद्रचा सत्कार करू. आपल्या भागाचं नाव काढलं पोरानं." घरी आल्यावर हिमांशूचे बाबूजी माह्यावर तापले, "डोकं फिरलं का वो तुहं? त्या चोट्ट्याचा सत्कार?" मी म्हणलं, "तुमी गप राहा. फक्त एक मोठा पांढरा कपडा चौकटीवर ताणून द्या."

मंडईच्या दिवशी हेमेंद्र नवा कुर्ता घालून आला. माह्या पाया पडला, बेशरम! मीच त्याले शाल पांघरली, हार घातला, हातात नारळ देला. तो फोटोवाल्याकडं पाहून हसला. मंग मी माइक घेतला. "आता आपले हेमेंद्रजी तुमच्यासमोर मंडईचं पोस्टर काढून दाखवतील." कपड्यावरचा पडदा ओढला अन् कोळशाची कांडी त्याच्या हातात ठेवली.

त्याचं तोंड पाहाले पाहिजे होतं बाप्पा! "काकीजी, मेरा तो सब कंप्यूटर पे होता है..." खालून शिट्ट्या सुरू झाल्या. "काढ ना गा! सोच तं तुहीच आहे!" शेवटी त्यानं एक गोल काढला. त्यात दोन टिंबं. मंडई हसून हसून लोळाले लागली. मले एवढं बरं वाटलं का सांगता सोय नाही.

तेवढ्यात आगाता उठून मंचावर आली. तिले यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी मनात म्हणलं, बाई मोठी दयाळू, आता याले वाचवते का काय! हेमेंद्रही हळूच म्हणाला, "भाभी, बचा लो."

तिनं त्याच्या हातची कांडी घेतली. चौकट फिरवून कपड्याची कोरी बाजू पुढं केली. मंग झरझर हात चालला. शाल आली, खांद्यावर बसल्यासारखी. हार आला. नारळ आला, धरल्यासारखा. पण शालीच्या आत माणूस नाही, हाराच्या वर मुंडकं नाही, नारळाखाली हात नाही. सगळा सत्कार हवेत लटकलेला.

हसणं थांबलं. लोक एकदा कपड्याकडं पाहात, एकदा हेमेंद्रकडं.

आगातानं खाली कोपऱ्यात, जिथं चित्रकार सही करतो तिथं, मोठ्या अक्षरात लिहिलं: हेमेंद्र.

"आपको नाम चाहिए था ना," ती म्हणाली. "लीजिए."

सगळ्यात पहिली टाळी मी वाजवली.