गुरम्माचा दुसरा सत्कार

"मावशी, शाल घसरू देऊ नका. फोटोत दिसाय पाहिजे," माजी आमदारांचा कार्यकर्ता बसवराज गुरम्माच्या मागे उभा राहून सांगत होता.

"आरं, पर कर्ज कुठं मिळालंय मला?"

"मिळंल की! तुम्ही निस्तं माईकवर म्हणायचं, साहेबांमुळं मला घरासाठी कर्ज मिळालं. बास."

गुरम्मा शाळेत खिचडी शिजवायची. बावीस वर्षांत तिला कुणी माईकवर बोलावलं नव्हतं, आणि या आठवड्यात चक्क दोनदा. सोमवारी आमदारसाहेबांनी, आज माजी आमदारांनी. गावठाणातली घरं तारण धरून बँकांनी कर्ज द्यावं, असं काहीतरी मुंबईत ठरलं म्हणे. आणि ते कुणी ठरवलं यावरून अहमदपूरपासून गावापर्यंत दोन्ही साहेबांचे फलक एकमेकांना खेटून उभे राहिले होते. फलकांना लाभार्थी हवा होता. बँकेनं अर्ज परत केलेली गुरम्मा दोघांनाही आयती सापडली.

तिला कर्ज हवं होतं ते घरातच संडास बांधायला. नवरा चंद्रप्पा एकेकाळी बाजार समितीत पोत्यांच्या थप्प्या लावायचा. लकव्यानं त्याचं डावं अंग गेलं. आता शाळेपलीकडच्या सार्वजनिक संडासापर्यंत बायकोच्या आधारानं जायचं आणि लोकांनी बघायचं, या लाजेनं तो पाणीसुद्धा कमी पिऊ लागला होता. गुरम्माच्या जिवाला तेच लागलं होतं.

सोमवारचा हार सुकायच्या आत ती बँकेत गेली होती. मॅनेजरनं सत्काराचा फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, प्रस्ताव नुसता मांडला होता. मंजूर झालाच नाही."

"म्हंजे ताटं मांडली, भात शिजलाच न्हाई?"

"अगदी तसंच," मॅनेजर म्हणाला.

तिनं हे बसवराजला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "त्यो आमदारांचा. आमच्या साहेबांचा येगळा हाय." वेगळा असेलही, या आशेवर ती आज पुन्हा मांडवात येऊन बसली होती.

साहेब बोलायला उठले. "हा प्रस्ताव आम्ही मांडला, असं ते सांगत फिरतात. साफ खोटं! सगळ्यांच्या आधी आम्ही मांडला!"

टाळ्या पडल्या. गुरम्माला कळायचं ते कळलं. तेवढ्यात बसवराजनं माईक तिच्या हातात दिला.

"दोन्ही साहेबांनी ताटं मांडली, लई उपकार झाले," ती म्हणाली. "मी रोज दीडशे लेकरांना जेवाय घालते. ताट कुणी मांडलं म्हून एक लेकरू इचारत न्हाई. भात कधी, इतकंच इचारतंय."

मांडव खो खो हसला. सगळे हसतायत म्हणून साहेबही हसले. बसवराज तेवढा हसला नाही.

ती घरी आली तर चंद्रप्पा खाटेवर बसून एकटाच हसत होता. कर्ण्यावरून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"ब्येस बोललीस," तो म्हणाला. "पर चल आता. सकाळपासनं धरून बसलोय."

मांडव नेमका शाळेच्या रस्त्यावर आडवा घातलेला. दुसरी वाट नव्हती.

"माणसं उठंस्तोवर थांबायचं का, आवो?"

"न्हाई," म्हणत त्यानं टोपी मागितली.

एका हातात पाण्याचा डबा, दुसऱ्या हातानं नवऱ्याला धरून गुरम्मा खुर्च्यांच्या मधून निघाली. लाभार्थी नवऱ्याला सत्काराला घेऊन येतेय असं वाटून साहेब हार घेऊन लगबगीनं खाली उतरले. फोटोवालाही धावला.

चंद्रप्पानं चांगला हात वर केला. "साहेब, हार ऱ्हाऊ द्या. संडासला जायाचंय मला. वाट द्या."

कुणी हसलं नाही. साहेब हार तसाच धरून बाजूला सरले. खुर्च्या सरकल्या, आणि चंद्रप्पा मान ताठ ठेवून, पाय ओढत, भरल्या मांडवातून पुढे गेला. गुरम्माचे डोळे भरून आले होते, पण डब्यातलं पाणी तिनं सांडू दिलं नाही.