बुधीच्या अंगणातली माती

"वाढला! देव वाढला!" म्हणत अख्खा पाडा देव मानलेल्या दगडी सुळक्यापाशी लोटला. होळीला महाराजांनी दगडाच्या बुडाशी, अगदी मातीला टेकून, शेंदराची रेघ ओढली होती. भादव्यात तीच रेघ गुडघ्याच्या वर आली!

महाराज तलासरीच्या हायवेवर बसमधून उतरलेले. कुठले, ते देवालाच ठाऊक. "रेघ छातीला लागली की डोंगर आग ओकणार!" ते गरजले. "सगळ्या उताराची माती खचली, एकाच अंगणाची नाही. का? ती डाकीण देवाचा पाय धरून बसलीय. घर जाळा, जागा माझ्या मठाला द्या!"

माना खालच्या झोपडीकडे वळल्या. बुधीच्या. तिचा चुलत दीर चैत्या पेटता टेंभा घेऊन निघाला, मागून गर्दी.

दारात जिजा उभी होती. बुधीची भाची, पाड्यावरच्या शाळेतली शिक्षिका. डाकीण म्हटलेल्या बाईचं पुढे काय होतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

"चैत्याकाका, घर काय पळून जातंय? आधी एवढं बघ."

तिनं मातीचा ढीग केला, त्यात मावशीचा वरवंटा उभा रोवला, मातीलगत कुंकवाची रेघ ओढली. मग कळशीनं पाणी ओतलं. माती ओघळली, रेघ वर दिसू लागली.

"वरवंटा वाढला का, काका?"

"दगड कसा वाढंल? माती गेली," चैत्या बोलून गेला.

"पोरखेळ!" महाराज ओरडले.

"मग सुळक्याशेजारच्या सागाची मुळं तेवढीच उघडी का पडलीत? सागही डाकिणीनं वर ढकलला?" जिजाचा आवाज आता चढला. "इथं आग होती, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी. तापलेला रस डोंगराच्या नळीत थिजला, तो हा कडक सुळका. भोवतीचा नरम डोंगर ऊनपावसानं झिजवून समुद्राला नेला. यंदा मात्र पावसाला आपणच हात दिला. भाताच्या रोपांआधी राब जाळायला फांद्या-गवत तोडून उतार बोडका केला. वर महाराज म्हणाले, देवाची माती रोपाला घाला. बुडातून टोपल्या कुणी भरल्या?"

"मीपन नेली," शेजारची नवशी हळूच म्हणाली.

"पन हिचीच माती कशी ऱ्हायली?" चैत्यानं विचारलं.

दाराआडून बुधी बाहेर आली. रडून डोळे सुजले होते. "मी कडंला दगड रचलं. गवत उपटलं नाय. तुमाला सांगलं तवा हसलात, आन आज जाळाया आलात."

पुढची माणसं मागे सरली. महाराजांनी झोळी उचलली.

"आता कुठं निघालात?" जिजानं अडवलं. "बुडातली माती उपसायला लावून देव वाढवलात. तेही सांगा सगळ्यांना!" गर्दीतून वाट काढत महाराज हायवेकडे सटकले.

जिजा लोकांकडे वळली. "देवाला हात जोडा, कोण नको म्हणतंय? पण कुणाचं घर जाळायला सांगितलं, तर आधी विचारा: दगड वर आला, की माती खाली गेली?"

चैत्यानं टेंभा कळशीतल्या उरल्या पाण्यात विझवला. "वयनी, बांध कसा रचायचा, दाव."

बुधीनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "आदी नेलेली माती परत आना."

नवशी टोपली आणायला घरी धावली.