पाइपलाइनीत जागा नव्हती

तेलाची नवी विहीर सुरू करायची की थांबायचं, हे साहेबांनी त्याच्यावरच सोपवलं होतं. तेलाबरोबर गॅस वर येणारच, आणि गॅस नेणारी एकुलती एक पाइपलाइन आधीच गच्च भरलेली. दुसरी अजून कागदावरच. थांबलं तर तेल अडणार, वरून बोलणी खावी लागणार. "करा सुरू," तो म्हणाला. जास्तीचा गॅस जाळून टाकायला उंच चिमणीकडे वळवला आणि तिच्या टोकावरची ज्योत भर दुपारी दुपटीने भडकली.

संध्याकाळी तो दादाकडे गेला. चिमणीजवळचा तो प्लॉट त्यानेच दादाच्या गळी उतरवला होता. "वर्षभरात दुसरी पाइपलाइन येईल, ज्योत विझेल," असं छातीठोकपणे सांगून. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

वहिनी स्टुलावर चढून खिडकीला सतरंजी ठोकत होती.

"पडदे पुरेनात, भाऊजी. आईंच्या डोळ्याला डोळा नाही. रात्र झाली हेच त्यांना पटत नाही. आज ज्योत एवढी मोठी का हो? काही बिघडलंय का?"

"हो, तसंच काहीतरी," तो कसाबसा म्हणाला.

"मी म्हटलंच," दादा म्हणाला. "दुपारपासून गल्लीतली माणसं विचारून जातायत. मी सांगितलं, आमचा धाकटा तिथे आहे, तो उगाच काही जाळू देणार नाही."

त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. आतल्या खोलीत आई खोकत होती.

"बिघडलं काही नाही, दादा. पाइपलाइनीत जागा नव्हती. तरी विहीर सुरू करा म्हणून मीच सांगितलं. थांबवता आलं असतं."

वहिनीचा हातोडा थांबला. दादा उठला.

"चपला घाल."

"कुठे?"

"गल्लीत. तुझ्या भरवशावर मी सगळ्यांना शब्द दिलाय. आता खरं काय ते तूच सांग."

पहिलं घर शिंप्याचं. त्याने लगबगीने मशीनवरचे कपडे बाजूला सारून खुर्ची पुढे केली. धाकटा बसला नाही. खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं.

शिंप्याने ऐकून घेतलं. "उद्या बंद कराल?"

"सुरू झालेली विहीर बंद करणं साहेबांच्या हातात. सकाळी त्यांना सांगतो. ऐकतील की नाही, माहीत नाही."

शिंप्याने खुर्ची परत मशीनपाशी ओढून घेतली. दादा तोवर शेजारच्या दाराशी पोचला होता.